चांदणीच्या पोटावरचे शेत

एप्रिल २०२३ मध्ये एका घोडीसमोर बसून सुरू केलेले काम जानेवारी २०२५ मध्ये नागपूरच्या एका कलादालनाच्या भिंतीवर लागले. मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात एका अनुदानित माध्यमिक शाळेत कलाशिक्षिका आहे. वय ४६ वर्षे, आणि एकल प्रदर्शन हे पहिलेच. सुरुवात केली तेव्हा गावाकडे राहून चित्रमालिका कशी करावी, कलादालनाकडे अर्ज कसा करावा, शाळेची परवानगी लागते का, खर्च किती येतो, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. ज्यांना विचारले त्यांच्यापैकी बहुतेकांनी मुंबई-पुण्याच्या हिशेबाने सांगितले. म्हणून जे घडले ते घडले त्या क्रमाने लिहून ठेवते आहे.

घोड्यांची ओढ लहानपणापासूनची. आमच्या घरी दरवर्षी कापडाच्या दुकानाची दिनदर्शिका येत असे, आणि तिच्यावरचे पांढरे घोडे चारही पाय पुढेमागे ताणून समुद्राच्या लाटांवरून उडत असत. ते मी कितीदा उतरवून काढले याची गणती नाही. पुढे कलाशिक्षक पदविकेच्या अभ्यासात मानवाकृती आली, स्थिरचित्र आले, निसर्गचित्र आले; घोडा मात्र दिनदर्शिकेवरचाच राहिला. आर्वीला बदली झाल्यावर शाळेच्या वाटेवर, पुलगाव-आर्वी या बंद पडलेल्या नॅरोगेज मार्गाच्या बाजूला, मला रोज दोन घोड्या चरताना दिसू लागल्या. त्या ज्यांच्या होत्या त्यांना सारे गाव आबाजी म्हणते. वरातीसाठी घोडी देण्याचा त्यांचा तिसऱ्या पिढीचा व्यवसाय. एक चांदणी, म्हणजे गुलाबी कातडीची पांढरीशुभ्र नुकरा घोडी. आणि दुसरी एक म्हातारी कुमैत, तांबूस अंगाची, काळ्या आयाळीची. वरातीला सगळ्यांना नुकराच हवी असते, त्यामुळे कुमैत घोडीला काम नव्हते आणि तिला नावही नव्हते.

रविवार, १६ एप्रिल २०२३ रोजी मी आबाजींकडे गेले आणि घोडीची चित्रे काढायची परवानगी मागितली. त्यांनी पैसे घ्यायला नकार दिला, पण मी आग्रह धरला. एका सकाळचे २०० रुपये आणि महिन्याला हरभऱ्याच्या कुटाराचे, म्हणजे भुशाचे, एक पोते, असे ठरले. चित्रकाराने हे पहिल्याच दिवशी ठरवावे, असे माझे मत आहे. जनावर ज्याच्या पोटापाण्याचे साधन आहे, त्याचा वेळ आपण घेत असतो. शिवाय पैसे दिल्यामुळे पुढच्या रविवारी पुन्हा जाताना मला संकोच वाटला नाही.

पहिले दोन महिने हाती काहीच लागले नाही. उन्हाळ्यात सकाळी साडेपाच ते साडेआठ एवढाच वेळ मिळे. त्यानंतर पारा चाळिशीच्या वर जाई आणि कागदावर टाकलेले पाणी कुंचला फिरण्याआधीच सुकून जाई. त्यावर मी एक उपाय केला. कागद मागच्या बाजूनेही भिजवायचा, फळीवर ओले सुती कापड पसरून त्यावर ठेवायचा, आणि रंगाच्या पाण्यात ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब टाकायचे. त्याने जलरंगाला पाच-सात मिनिटे जास्त मिळतात. विदर्भाच्या एप्रिलमध्ये तेवढी पुरतात.

कागदाचा प्रश्न सुटला, घोड्याचा सुटला नव्हता. माझी प्रत्येक घोडी दिनदर्शिकेतल्यासारखी धावू पाहत होती, आणि समोरची चांदणी तर कडुनिंबाखाली एक मागचा पाय सैल सोडून उभ्याउभ्या डुलक्या घेत होती. त्या काळात मी एडवर्ड मायब्रिजने १८७८ मध्ये अमेरिकेत घेतलेली धावत्या घोड्याची छायाचित्रे मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहिली. त्यांतून जगाला कळले की भरधाव घोड्याचे चारही पाय जमिनीपासून सुटतात ते ताणलेले असताना सुटत नाहीत. पोटाखाली गोळा झालेले असताना सुटतात. त्याआधीच्या कितीतरी चित्रकारांनी पाय ताणलेले घोडे काढले होते, आणि माझी दिनदर्शिकाही त्याच परंपरेतली होती. मी धावणारा घोडा बाजूला ठेवला आणि उभा घोडा शिकायला बसले.

त्यातली सगळ्यात मोठी चूक पायांची होती. घोड्याच्या मागच्या पायाला मध्ये जो सांधा मागे वळलेला दिसतो, त्याला आपण गुडघा समजतो, पण ती त्याची टाच असते; खरा गुडघा वर, पोटाला लागून, कातडीत दडलेला असतो. पुढच्या पायाचा जो गुडघा वाटतो, ते आपल्या हिशेबाने मनगट. हे मी पुस्तकात वाचले होते, पण हाताला कळत नव्हते. एके दिवशी आबाजींनी माझी वही पाहिली, चांदणीचा खूर उचलून मांडीवर घेतला आणि म्हणाले, "घोडं नखावर उभं रायते, बाई. बोट इथं हाय, टाच वरतं. तुमी त्याले मानसावानी उभं केलं." त्यांनी माझा हात धरून खुरापासून वर सांध्यासांध्यावर फिरवला. त्यानंतर माझे पाय चुकले नाहीत असे नाही, पण कुठे चुकले ते मला कळू लागले. जे घोडा काढायला शिकत आहेत, त्यांनी शक्य असेल तर मालकाच्या परवानगीने आणि त्याच्या देखत एकदा तरी घोड्याच्या पायावरून हात फिरवावा. पाठीमागून जाऊ नये. खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जावे.

२९ जूनला आषाढी एकादशी झाली आणि चातुर्मास लागला. त्या वर्षी अधिक श्रावण असल्यामुळे चातुर्मास पाच महिन्यांचा होता, म्हणजे तुळशीच्या लग्नापर्यंत वराती बंद. आबाजींसाठी ते पाच महिने ओढाताणीचे होते. माझ्यासाठी मात्र चांदणी रोज मोकळी होती. ती शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लांब दाव्याने बांधलेली असे, एका बाजूला सोयाबीन, दुसऱ्या बाजूला पऱ्हाटी, म्हणजे कपाशी.

२३ जुलैच्या सकाळी पाऊस थांबून ऊन पडले होते. मी चांदणीच्या पोटाखालच्या सावलीसाठी नेहमीचा करडा रंग मिसळत होते, आणि तो काही केल्या जुळत नव्हता. थंड केला तरी चूक, उबदार केला तरी चूक. अर्धा तास गेल्यावर मी डोळे बारीक करून नुसती सावली पाहिली, आणि ती हिरवी होती. सोयाबीनच्या पानांवर पडलेले ऊन खालून उसळून तिच्या पांढऱ्या पोटावर पडले होते. पोटावर, मांड्यांच्या आतल्या बाजूला, जबड्याखाली, सगळीकडे शेत होते. मी गेले तीन महिने पांढरी घोडी म्हणून जिच्याकडे पाहत होते, तिच्या अर्ध्या अंगाला जमिनीने रंग दिला होता.

पुढची सगळी मालिका या एका गोष्टीवर उभी आहे. मी ठरवले की वर्षभर एकच घोडी, एकच धुरा, आणि घोडी फक्त उभी. ऋतू जमिनीत बदलतील आणि ते चांदणीच्या पोटावर दिसतील. सप्टेंबरमध्ये सोयाबीन पिवळे पडू लागले तशी सावलीही पिवळसर झाली. सवंगणीनंतर, म्हणजे कापणीनंतर, उघडी काळी माती दिसू लागली. काळी माती रंगवताना काळा रंग वापरू नये, हे मला याच महिन्यांत उमगले. ती ओली असते तेव्हा जांभळट निळी दिसते, सुकली की राखाडी तपकिरी. बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी आणि अल्ट्रामरीन निळा कागदावरच ओल्यात मिसळू दिले की त्यांचे कण बसतात आणि ढेकळांचा पोत आपोआप येतो. वखरलेल्या मातीवर उभी असलेली चांदणी खालून जांभळी दिसे. नोव्हेंबरच्या शेवटी कापूस फुटला तेव्हा मला सगळ्यात अवघड काम पडले, कारण आता पांढऱ्या घोडीच्या खाली पांढरे शेत होते आणि सावली जवळजवळ नाहीशी झाली. त्या चित्रात मी घोडी रंगवलीच नाही. मागची तूर, धुऱ्यावरचा पळस आणि आकाश रंगवले, आणि तिच्या जागी कोरा कागद सोडला. ते मला सहाव्या प्रयत्नात जमले.

कागदाबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण माझे सर्वाधिक नुकसान तिथे झाले. मी ३०० जीएसएमचा सुती कागद वापरला. पूर्ण ताव मला सरासरी ३१० रुपयांना पडला. ऑगस्टमध्ये गठ्ठ्यातले ९ ताव खराब निघाले. वरून ते ठीक दिसत होते, पण रंग लावताच ठिकठिकाणी शोषून डाग पडत. दमट हवेत कागदावरचा सरसाचा लेप निकामी झाला होता. त्यानंतर मी कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह, पत्र्याच्या पेटीत आणि जमिनीपासून उंच ठेवू लागले. पावसाळ्याआधी जास्तीचा कागद घेऊन ठेवू नये. लागेल तेवढाच आणावा.

डिसेंबरमध्ये मी सारंगखेड्याला गेले. हे गाव खानदेशात, नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात, तापीच्या काठी आहे. तिथे एकमुखी दत्ताच्या यात्रेत दत्तजयंतीपासून मोठा घोडेबाजार भरतो. २०२३ मध्ये दत्तजयंती २६ डिसेंबरला होती. २५ तारखेची नाताळची सुट्टी धरून मी दोन किरकोळ रजा घेतल्या, वर्ध्याहून भुसावळ आणि तिथून सुरतच्या मार्गावर दोंडाईचापर्यंत रेल्वेने गेले, पुढे बसने. तीन दिवसांचा प्रवास, राहणे आणि जेवण मिळून ३,४०० रुपये खर्च आला.

एवढे घोडे मी एका जागी कधी पाहिले नव्हते. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांचे कान आतल्या बाजूला वळून टोकाशी एकमेकांना भिडतात, हे वाचून माहीत असणे वेगळे आणि एका ओळीत शंभर जोड्या कान पाहणे वेगळे. दुरंगी अबलख, काळे मुश्की, चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेले पंचकल्याण. अंगावरचे भोवरे मोजून शुभाशुभ ठरवणारे गिऱ्हाईक, ओठ वर करून दात पाहणारे दलाल, खरारा करणारी लहान मुले. पहिल्या दिवशी मी न विचारता वही उघडली आणि एका व्यापाऱ्याला वाटले की मी कोणासाठी तरी घोड्यांच्या नोंदी घेते आहे. त्याने मला उठवले. दुसऱ्या दिवसापासून मी आधी नमस्कार करून वही दाखवू लागले, आणि मग लोक स्वतःहून घोडा उन्हात आणून उभा करू लागले. ६० हून अधिक रेखाटने झाली. प्रदर्शनात मात्र त्यांतले एकच लागले. तिथे घोडे होते, पण त्यांच्या पायाखाली तंबूचे कापड, पेंढा आणि माणसांची गर्दी होती. कोणत्याच घोड्याच्या पोटावर शेत नव्हते. हात तयार करायला बाजारासारखी जागा नाही, आणि ज्याला रेखाटनाचा सराव हवा आहे त्याने जरूर जावे. माझे चित्र आर्वीच्या धुऱ्यावरच होते, एवढे मला तिथून परतताना स्पष्ट झाले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये काम थांबले. पशुवैद्यकीय दवाखान्यातून डॉक्टर आले आणि ग्लँडर्सच्या नियमित सर्वेक्षणासाठी दोन्ही घोड्यांच्या रक्ताचे नमुने घेऊन गेले. ग्लँडर्स हा घोड्यांचा, गाढवांचा आणि खेचरांचा जिवाणूजन्य आजार आहे. तो माणसालाही होऊ शकतो, त्यावर लस नाही, आणि घोडा बाधित ठरला तर कायद्याप्रमाणे त्याला दयामरण द्यावे लागते. नमुने हरियाणातल्या हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासले जातात. अहवाल येईपर्यंत घोडी बाहेर नेऊ नका, असे आबाजींना सांगितले गेले. लग्नसराई ऐन भरात होती. त्यांच्या चार वराती हातच्या गेल्या. मी येऊ नये असे त्यांनीच मला सांगितले, आणि ते बरोबर होते.

त्या दिवसांत मला झोप लागत नव्हती, हे लिहिण्यात मला संकोच वाटत नाही. चांदणीच्या पिढ्यांवर त्या घराचे पोट चालले होते, आणि तिला काही होईल ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. अहवालाला २४ दिवस लागले. त्या काळात मी धुऱ्यावर एकटी जाऊन बसत असे. घोडी नव्हती, ती जिथे बांधलेली असायची तिथे खुंटी होती, दाव्याचा एक तुकडा होता, तिच्या फिरण्याने गवत झिजून झालेले एक गोल होते, निंबाच्या खोडावर अंग घासून गुळगुळीत झालेला पट्टा होता आणि मातीत सुकून राहिलेले खुरांचे ठसे होते. मी तेच रंगवले. पूर्ण तावावर, चार सकाळींमध्ये, घोडीशिवाय. या आधीच्या दहा महिन्यांत जमीन घोडीवर कशी उमटते ते मी पाहिले होते. त्या चार सकाळींत घोडी जमिनीवर कशी उमटून राहते ते पाहिले. मालिकेतले हे एकच चित्र आहे ज्यात मला आजही काही बदलावेसे वाटत नाही.

मार्चमध्ये दोन्ही घोड्यांचा अहवाल निर्दोष आला. आबाजींनी त्या दिवशी गावात पेढे वाटले.

त्याच महिन्यात मी कलादालनाचा शोध सुरू केला. नागपूरच्या एका दालनात स्वतः जाऊन अर्ज, दहा चित्रांच्या छापील प्रती आणि परिचय देऊन आले. तिथल्या माणसाने अर्ज टेबलावर ठेवून घेतला. तीन महिने मी वाट पाहिली, दर पंधरा दिवसांनी फोन केला, आणि जूनमध्ये मला सांगण्यात आले की असा अर्ज नोंदवहीत नाही. माझ्याकडे पोच नव्हती, त्यामुळे मला काही म्हणता आले नाही. अर्ज हातोहात दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून निघू नये. मी हे माझ्या शाळेच्या कामात वर्षानुवर्षे करत आले आहे, आणि स्वतःच्या कामाच्या वेळी विसरले.

२४ जून २०२४ रोजी मी दुसऱ्या दालनाकडे रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावतीसह अर्ज पाठवला. त्यांनी विहित नमुन्यातला अर्ज, आधार कार्डाची प्रत, शैक्षणिक प्रमाणपत्रे, दहा चित्रांची छायाचित्रे मागे शीर्षक, माध्यम, आकार आणि वर्ष लिहून, आणि मालिकेविषयी मराठी व इंग्रजीत प्रत्येकी एक पान एवढे मागितले होते. चित्रांची छायाचित्रे चौकट करण्याआधी काढावीत, म्हणजे काचेचे प्रतिबिंब येत नाही. सकाळी दहाच्या सुमारास घराच्या सावलीत चित्र उभे ठेवून, मोबाइल चित्राला समांतर धरून काढलेली माझी छायाचित्रे त्यांना चालली. मालिकेविषयीचे पान लिहायला मला आठ दिवस लागले. आधीच्या मसुद्यांत 'अस्मिता', 'मूलबंध' असे शब्द आले होते. ते सगळे खोडून मी शेवटी २३ जुलैच्या सकाळी काय दिसले एवढेच लिहिले.

उत्तर ९ ऑगस्टला आले. १७ ते २१ जानेवारी २०२५ हे पाच दिवस मिळाले होते. भाडे दिवसाला २,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण १४,७५० रुपये. शिवाय ५,००० रुपये परत मिळणारी अनामत. निम्मी रक्कम पंधरा दिवसांत धनाकर्षाने, म्हणजे डिमांड ड्राफ्टने, भरायची होती. मी बँकेत गेले तेव्हा धनाकर्ष कोणत्या नावाने काढायचा हे पत्रात नीट लिहिलेले नव्हते असे लक्षात आले, आणि एक चक्कर वाया गेली. नाव फोनवर अक्षर-अक्षर विचारून घ्यावे.

शाळेच्या परवानगीला यापेक्षा जास्त वेळ लागला. प्रदर्शनात चित्रे विकली जाणार असतील तर व्यवस्थापनाची लेखी परवानगी घेणे योग्य, असे मुख्याध्यापकांनी सांगितले. मी अर्ज दिला; तो शाळा समितीच्या बैठकीत ठेवायचा होता आणि बैठक पुढे ढकलली गेली. पाच आठवड्यांनी पत्र मिळाले, त्यात शाळेच्या वेळेत काम करणार नाही आणि शाळेचे साहित्य वापरणार नाही अशा दोन अटी होत्या, आणि त्या रास्तच होत्या. आबाजींचा चेहरा दोन चित्रांत ओळखू येतो, म्हणून त्यांच्याकडूनही मी संमतीचे पत्र घेतले. ते मी वाचून दाखवल्यावर त्यांनी सही केली.

चित्रे मात्र अजून पूर्ण झाली नव्हती. त्या वर्षी मे-जूनमध्ये गुरू आणि शुक्राच्या अस्तामुळे लग्नाचे मुहूर्त जवळजवळ नव्हते, त्यामुळे उन्हाळ्यातली मोठी चित्रे मला आधीच करून घेता आली होती: भेगाळलेली माती, फुफाट्याने भरलेली पांदण, आणि खालून गेरूसारखी उजळलेली चांदणी. पावसाळ्यात मी कुमैत घोडीची काही लहान चित्रे केली. तिच्या तांबूस अंगावर जमीन उमटत नाही. ती प्रकाश आत घेते. वर्षभर पांढऱ्या अंगावर परावर्तन शोधल्यानंतर तिच्याकडे पाहणे मला विश्रांतीसारखे वाटले. नोव्हेंबरअखेर २३ चित्रे निवडली.

चौकटींसाठी मी आर्वी, वर्धा आणि नागपूर तिन्ही ठिकाणी दर काढले आणि वर्ध्याला काम दिले. १४ मोठ्या चौकटी प्रत्येकी १,३५० रुपये आणि ९ लहान प्रत्येकी ७०० रुपये, मिळून २५,२०० रुपये. माउंट, म्हणजे चौकटीत चित्राभोवती लावायचा पुठ्ठा, आम्लरहित मागावा. साधा पुठ्ठा काही वर्षांत पिवळा पडतो आणि कागदालाही डाग देतो. दालनात भिंतीला खिळे मारायची परवानगी नव्हती, म्हणून चौकटींना मागे दोन कड्या आणि तार लावून घेतली. आमंत्रणपत्रिका आणि यादीची छपाई ३,२०० रुपये झाली. १६ जानेवारीला टेम्पोने चित्रे नेली, जायचे ४,८०० आणि परतीचे ४,००० रुपये. दोन चौकटींच्या मध्ये पुठ्ठा आणि काचांची तोंडे समोरासमोर, अशी ती उभी लावली होती. एकही काच फुटली नाही. चौकशी आणि भेटींसाठी माझ्या नागपूरच्या सात फेऱ्या झाल्या. महिलांना एसटीचे तिकीट अर्धे असल्यामुळे त्यांचा भार जाणवला नाही. कागद आणि रंग वेगळे धरले तर प्रदर्शनाचा खर्च, अनामत सोडून, ५१,९५० रुपये झाला. कागद-रंगांचे २१ महिन्यांत सुमारे १९,००० रुपये गेले.

मांडणीला सहा तास लागले. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे १५० सेंटिमीटरवर ठेवून मी सर्व चित्रे ऋतुक्रमाने लावली आणि कापसाच्या चित्रापाशी अडले. कोऱ्या कागदाची घोडी काचेतल्या दिव्याच्या प्रतिबिंबात पूर्ण दिसेनाशी होत होती. दालनातल्या इलेक्ट्रिशियनने शिडी लावून दिवा हाताने थोडाथोडा वळवला, आणि मी समोर उभी राहून सांगत गेले. घोडी दिसली तेव्हा सायंकाळचे आठ वाजले होते.

पाच दिवसांत पाच चित्रे विकली गेली, ४१,००० रुपये मिळाले. प्रत्येकाची पावती दिली आणि रक्कम आयकर विवरणपत्रात दाखवण्यासाठी नोंदवून ठेवली. किमती आधीच छापील यादीत लिहून ठेवल्या होत्या, त्यामुळे घासाघीस झाली नाही. रिकाम्या खुंटीच्या चित्रासमोर लोक कमी थांबत. जे थांबत ते बहुतेक शेतकरी घरातले होते.

चौथ्या दिवशी, सोमवारी, आबाजी एसटीने आले. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि पहिल्या चित्रापासून शेवटच्यापर्यंत न बोलता गेले. खुंटीच्या चित्रासमोर ते बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "हे दावं मीच बांधलं होतं. गाठ बरोबर हाय." एक चित्र त्यांनी निवडावे असे मी त्यांना आधीच सांगून ठेवले होते. मला वाटले होते ते चांदणीचे मोठे चित्र घेतील. त्यांनी कुमैत घोडीचे सगळ्यात लहान चित्र दाखवले. मी का म्हणून विचारले. ते म्हणाले, "चांदणीचे फोटो गावोगावच्या लग्नाच्या अल्बमात हायेत. हिचा कोनीच काढला नोता."

अनामत सहा आठवड्यांनी परत आली, त्यासाठी एक स्मरणपत्र पाठवावे लागले. उरलेली चित्रे माझ्याकडे कापडात गुंडाळून, फळीवर उभी ठेवली आहेत. आबाजींनी त्यांचे चित्र घरात लावले नाही, तबेल्यात लावले, कुमैत घोडी जिथे बांधलेली असते त्याच्या वरच्या भिंतीवर. तिथे कुटाराची धूळ उडते आणि भिंतीला वाळवी लागते, म्हणून मी चौकटीच्या मागची बाजू टेपने पूर्ण बंद करून दिली आहे, आणि चौकट भिंतीला टेकू नये म्हणून चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले आहेत. महिन्यातून एकदा रविवारी जाते तेव्हा काच पुसते.